आवाजाचा रकाना

वहीत सात रकाने होते. तारीख, कुठे, वजन, पाणी, डाग, रंग, आवाज. त्यातला दुसरा रकाना चिंगीच्या आईच्या डोळ्यांत खुपत असे.

'कुठे' या रकान्यात दोनच शब्द आलटूनपालटून येत. एक आठवडा 'घरी', एक आठवडा 'आईकडे'. अक्षर चिंगीचं, वय वर्षं नऊ, वेलांट्या फुगवलेल्या. लिहिताना तिच्या मनात काहीएक नव्हतं हे आईला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं. कुणी मुद्दाम टोचलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

ज्याच्यासाठी ही वही होती त्याचं नाव बटाटा. तपकिरी, लंबगोल, शेपटीचा पत्ता नसलेला गिनीपिग. नाव चिंगीने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल होतं की कुणी दुसरं सुचवायच्या भानगडीत पडलं नाही. आठ महिन्यांपूर्वी चिंगीच्या बाबाने आणि त्याच्या दुसऱ्या बायकोने तिला तो वाढदिवसाला दिला. आईबाबा वेगळे होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. चिंगी एक आठवडा इकडे आणि एक आठवडा तिकडे, शनिवारी सकाळी दहाला अदलाबदल, असं कागदावर सह्यांनिशी ठरलेलं होतं. बटाट्याबद्दल कागदावर काही नव्हतं. पण पहिल्याच शनिवारी चिंगीने पिंजऱ्याची कडी धरली आणि "तो नाही तर मीपण नाही," असं जाहीर केलं. तेव्हापासून पिंजराही अदलाबदलीत आला.

वही आली त्याला तीन महिने झाले होते. बटाटा शू करताना कुंथतो असं वाटून त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, "मूत्राशयात गाळ साठतोय. पाण्यात खडू कालवल्यासारखा. आज खडा नाही, पण होऊ शकतो. आणि हा काही बोलून सांगणार नाही. बघायचं तुम्ही." मग त्यांनी बोटं मोजत सांगितलं. रोज वजन. पाणी किती प्यायला. ओले डाग किती, मोठे की ठिपके ठिपके. रंग कसा. पाठीला कुबड काढून बसतो का. शू करताना ओरडतो का.

चिंगीच्या आईला हे ऐकताना मनातून बरं वाटलं होतं. एकोणीस वर्षं ती एका लॅबमध्ये लघवी तपासायच्या टेबलावर होती. सकाळी आठपासून बाटल्यांची रांग लागायची, आणि दुपारपर्यंत प्रत्येक बाटलीचा रंग, गढूळपणा, आम्लता, पेशी, स्फटिक, सगळं कागदावर उतरून खाली तिची सही झालेली असायची. एकोणीस वर्षांत तिचा एकही रिपोर्ट खोटा निघाला नव्हता. लेकीच्या लाडक्याची लघवी बघायची, तर यात तिचा हात धरणारं कोण होतं?

पण शनिवारी पिंजरा आला तो अस्तरं घेऊन.

तिकडच्या बाईचं काम पडदे शिवायचं. घरातच मशीन, घरातच गिऱ्हाइकं. तिने पडद्यांच्या अस्तराचं पांढरं कापड पिंजऱ्याच्या मापाने कापून सात तुकडे केले होते, वाराला एक. पांढऱ्यावर डाग लपत नाही, हा त्यामागचा विचार. चारी कडा आत मुडपून शिवलेल्या, कोपरे असे नेमके की पट्टी लावून बघावं. ओळखायला प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका होता. सोमवारचा निळा, मंगळवारचा हिरवा.

आईने त्या शनिवारी खरंच पट्टी लावून बघितलं होतं. शिवण सरळ होती.

"माऊने एका दिवसात सातही शिवले," चिंगी म्हणाली.

माऊ. आधी ती 'काकू' होती, मग काही दिवस 'अगं', आणि मग एका शनिवारी चिंगी 'माऊ' म्हणतच घरात शिरली. हा शब्द कुठून आला, हे आईने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, ही भीती होती. ती स्वतः मनातल्या मनात तिला 'पडदेवाली' म्हणायची. तेवढंच हातात होतं.

बरं, पडदेवालीचं लिहिणं तरी कसं! रंगाच्या रकान्यात 'साय काढलेल्या दुधासारखा'. डागांच्या रकान्यात 'पाच, त्यातला एक पसरट, चिंगीच्या पंजाएवढा'. आणि डॉक्टरांच्या 'ओरडतो का'साठी शेवटचा आवाजाचा वेगळा रकाना तिने स्वतःच्या डोक्याने आखला होता. 'गप्प.' 'गप्प.' 'बारीक शिट्टी, पण ती काकडी बघून.' एकदा नुसतंच 'बिजागरी?' आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"बिजागरी म्हणजे काय गं?"

"दार करकरतं ना, तसा. शू करताना एकदाच वाजला. माऊ शिवताशिवता ऐकत असते."

"असं आवाजावर काही ठरत नसतं," आई म्हणाली. तिच्या आठवड्यात आवाजाच्या रकान्यात सातही दिवस आडवी रेघ असायची. बाटलीतली लघवी ओरडत नाही, आणि एकोणीस वर्षांत तिने बाटलीपलीकडचा माणूस बघितला नव्हता.

दुसऱ्याच खेपेला तिने बटाट्याला मोकळ्या ट्रेमध्ये ठेवून दोन मिली नमुना मिळवला आणि तो लॅबमध्ये नेला.

लॅबमध्ये तिच्या शेजारच्या खोलीत रक्त काढणारे एक काका होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, सगळे त्यांना सुईवाले म्हणत. ते डोकावले. "ताई, पेशंटचं नाव काय टाकू?"

"बटाटा."

"वय?"

"दीड वर्ष."

"लग्न झालंय?" असं विचारून ते स्वतःच हसले. पण आईचं लक्ष नव्हतं. नमुन्यात बुडवलेल्या तपासणीच्या पट्टीचा रंग गडद हिरव्यानिळ्याकडे गेला होता. भिंगाखाली स्फटिकच स्फटिक. नमुना ताकासारखा गढूळ. माणसाची लघवी अशी असती तर तिने तो रिपोर्ट चालत जाऊन डॉक्टरांच्या हातात दिला असता. तिने लॅबच्या छापील कागदावर सगळं भरलं, तीन ठिकाणी 'असामान्य' लिहून लाल गोल केले, सही ठोकली आणि फोटो चिंगीच्या बाबाला पाठवला. खाली एक ओळ: 'नक्की काय खायला घालता तुम्ही त्याला?'

ती ओळ लिहिताना तिला गेल्या तीन वर्षांत वाटला नव्हता एवढा आनंद झाला, हे नोंदवायला हवं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. गिनीपिगची लघवी अशीच असते, असं डॉक्टर म्हणाले होते. मुळातच गढूळ, मुळातच अल्कली, स्फटिक असायचेच. माणसाचं कोष्टक लावलं तर जगातला प्रत्येक गिनीपिग आजारी ठरेल. डॉक्टर हसले का, हे बाबाने लिहिलं नव्हतं. म्हणजे हसले असणार.

पुढच्या शनिवारी वही आली तेव्हा तिचा रिपोर्ट आत चिकटवलेला होता. चारी कोपरे सरळ. खाली पडदेवालीच्या अक्षरात: 'डॉक्टरांना दाखवला. सर्व ठीक. चिंगीच्या आईंचे आभार.'

आईंचे. वर अनुस्वार. आईने तो कागद फाडायला नख लावलं आणि मग चिंगी बघतेय म्हणून नखाने नुसताच डिंक खरवडल्यासारखं केलं.

त्यानंतरचे दोन महिने तिने काय केलं, हे तिने कुणाला सांगितलं नसतं. तिकडे फ्रिज उघडला की बटाटा शिट्टी मारतो, असं चिंगीकडून कळल्यावर तिने एका रविवारी अकरा वेळा फ्रिज उघडला. बटाट्याने कान हलवला, तोही एकदाच. तिने अस्तरासारखं कापड आणून आठवा तुकडा शिवायला घेतला, हाताने. शिवण अशी गेली की चिंगीने विचारलं, "हा नागमोडी का आहे?" तो तुकडा आता ओटा पुसायला होता. वजन मात्र ती ग्रॅममध्ये चोख लिहायची, पाणी मिलीमध्ये, आणि पडदेवालीच्या 'साय काढलेल्या दुधा'समोर 'फिकट पिवळा, गढूळ +' असं कोरडं ठणठणीत. आपल्या नोंदी जास्त बरोबर आहेत, याबद्दल तिला शंका नव्हती. पण चिंगी वही उघडून वाचायची आणि हसायची ती दुधाला.

मग तो मंगळवार आला.

सकाळी सव्वासात. चिंगी दात घासत होती. आईने हिरव्या टाक्याचा तुकडा बाहेर काढला आणि खिडकीपाशी धरला. सात डाग, सगळे लहान. त्यातला एक गुलाबी, वाटाण्याएवढा.

वाळल्यावर कधी कधी डाग लालसर होतो, भाज्यांच्या रंगाने, हे तिला आता माहीत होतं. तोंडघशी पडल्यावर तिने बरंच वाचून काढलं होतं. पण हा डाग ओला होता, आणि पट्ट्यांची डबी तिच्या पर्समध्ये होती. तिने पट्टी टेकवली आणि साठ सेकंद मोजले. रक्ताचा चौकोन पिवळ्याचा हिरवा झाला आणि मग त्याहून गडद.

पट्टी कुणाची आई नसते, कुणाची सवत नसते. ती जे आहे ते दाखवते.

आईने वही उघडली. तारीख लिहिलेली होती, 'कुठे'ही लिहिलेलं होतं. चिंगी आदल्या संध्याकाळीच ते दोन रकाने भरून ठेवायची. 'आईकडे.' तिने मागची पानं उलटली. 'घरी'च्या ओळी सरळसोट, एकीतही रक्त नाही. आणि आता 'आईकडे'च्या ओळीत रक्त. डॉक्टर बोट ठेवून म्हणणार, इथे सुरू झालं. चिंगीचा बाबा मान हलवणार. पडदेवाली काहीच म्हणणार नाही, आणि ते सगळ्यात वाईट. फार तर चिकटवेल, चारी कोपरे सरळ.

शनिवार चार दिवसांवर होता. चार दिवसांत काय होतंय? दिसलं तर तिकडेच दिसेल. तिकडेच दिसू दे.

"आई, आज रंग काय?" न्हाणीघरातून चिंगीचा आवाज आला, तोंडात फेस.

"फिकट पिवळा," आई म्हणाली, आणि तेच लिहिलं.

मग तिने तो तुकडा गार पाण्याखाली धरला. रक्ताला गारच पाणी लागतं. गरम घातलं की डाग धरतो. हे ज्ञान असं कामी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी लॅबमध्ये तिने चौसष्ट बाटल्या तपासल्या. तीनमध्ये रक्त होतं आणि तिन्ही रिपोर्टांवर तिने ते लिहिलं. सही करताना पेन क्षणभर अडायचं. सुईवाले म्हणाले, "ताई, आज चेहरा का असा? बटाटा कच्चा राहिला वाटतं?"

"काका, कामाचं बघा."

"बरं बाई," म्हणत ते आत गेले, आणि जाताजाता वळून थांबले. "बरा आहे ना पण तो?"

"आहे," आई म्हणाली. एका दिवसात दोनदा खोटं.

बुधवारी दोन गुलाबी डाग. वजन नऊशे एकेचाळीस, म्हणजे सोमवारपेक्षा एकोणीस ग्रॅम कमी. वजन तिने खरं लिहिलं. आकडा खोटा लिहायला हात वळेना. रंग लिहायला तो एकदा वळला होता, त्यामुळे परत वळला. गार पाण्याने तुकडा धुताना तिने स्वतःला सांगितलं की पाणी जास्त पाजतेय, म्हणजे उपचार सुरूच आहे. पण बाटलीतलं पाणी जसंच्या तसं होतं.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. आईची पाळी दुपारची. साडेनऊच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात होती आणि चिंगी पिंजऱ्यासमोर पालथी पडून गवताच्या काड्या आत सारत होती.

"आई, बिजागरी!"

"काय?"

"बिजागरी वाजली. ये ना लवकर. तू कधीच ऐकत नाहीस!"

आई हात पुसत आली. बटाटा कोपऱ्यात होता, पाठीचं कुबड, केस फुलारलेले, पुढचे पाय जमिनीत रोवल्यासारखे. समोर काकडीची चकती तशीच पडलेली. चिंगीने ओठांवर बोट ठेवलं. मग आईला तो आवाज ऐकू आला. लांब, बारीक, कुणी जड दार अगदी हळू ढकलावं तसा. आवाज संपला तेव्हा अस्तरावर एकच थेंब होता. लाल.

एकोणीस वर्षं तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाटलीच्या आधी असा काहीतरी आवाज कुठेतरी झालेला असणार, हे तिच्या डोक्यात आलं. यावर विचार करायला वेळ नव्हता. तिने लॅबला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, टोपलीत टॉवेल घातला, बटाट्याला उचललं. तो हातात हलका लागला.

"वही घे," ती चिंगीला म्हणाली. सवयीने म्हणाली. मग जिभेवर आलेलं 'राहू दे' गिळलं.

डॉक्टरांच्या खोलीत फिनेलचा आणि गवताचा वास होता. त्यांनी बटाट्याचं पोट दोन बोटांनी चाचपलं. तो परत करकरला. डॉक्टरांनी वही उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वजन मंगळवारपासून उतरतंय. रंग मात्र फिकट पिवळा. कालही फिकट पिवळा. म्हणजे रक्त आजच?"

आईने टोपलीतला टॉवेल नीट केला.

"विचारतोय अशासाठी," डॉक्टर म्हणाले, "की एक्स-रे काढायचा आणि काही करायचं तर भूल द्यावी लागणार. एवढ्याशा जिवाला भूल जड जाते. आजच सुरू झालं असेल तर मी औषध देऊन दोन दिवस वाट बघेन. आधीपासून असेल तर थांबणार नाही, आत्ता हात घालेन. मला तारीख हवी."

"बघून... आठवून सांगते."

तेवढ्यात दार उघडलं. पडदेवाली होती. चिंगीने आईच्या फोनवरून तिला कळवलं होतं, रिक्षात बसल्या बसल्या, आणि आईला ते दिसलंही होतं. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, बाहीला दोऱ्याचे तुकडे. ती धावत आली होती.

"माऊ, बिजागरी वाजली," चिंगी म्हणाली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं. पडदेवालीने तिला जवळ घेतलं. आईला ते खुपलं. आता तरी होऊ नये, असं तिला वाटलं होतं. पण झालंच.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "गेल्या आठवड्यात तुमच्याकडे होता ना हा? काही दिसलं होतं? थोडंसं जरी?"

पडदेवालीचा चेहरा उतरला. "नाही... मला तरी नाही दिसलं. पण शुक्रवारी एक मोठी ऑर्डर होती, दिवसभर मशीनवर होते. माझ्याकडून काही सुटलं असेल का? आणि पालक दिला होता मी. दोनच पानं, पण दिला होता. पालकाने खडा होतो ना, डॉक्टर?" मग आईकडे बघून, हळू आवाजात, "ताई, माझंच चुकलं असणार. तुम्ही तर रोज एवढं काटेकोर लिहिता."

मंगळवारी सकाळी चिंगीच्या आईने जे मनात धरलं होतं ते आता समोर येऊन उभं होतं, आयतं, शिवून तयार. काही बोलायची गरज नव्हती. नुसती मान खाली घालून उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. चिंगी पडदेवालीच्या कमरेला धरून वर बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदाच, पालकाच्या दोन पानांचा संशय होता.

टोपलीत बटाटा करकरला.

"मंगळवारपासून," आई म्हणाली. "मंगळवारी सकाळी सव्वासातला. पट्टी लावून बघितलं होतं, रक्त होतं. काल दोन डाग. वहीतला रंग खोटा आहे. मी लिहिलाय."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला, तिच्याकडे एकदा बघितलं आणि बटाट्याला उचललं. "मग थांबायचं नाही," एवढंच म्हणून ते आत गेले.

बाहेरच्या बाकावर तिघी बसल्या. मध्ये चिंगी. भिंतीवर एका कुत्र्याचं चित्र होतं, त्याच्याकडे तिघींनी बराच वेळ बघितलं.

"का?" पडदेवालीने शेवटी विचारलं. आवाजात राग होता, दाबलेला, पण होता. आईला ते बरं वाटलं.

"तुमच्याकडे दिसावं म्हणून."

पडदेवाली बाहीवरचा एक एक दोरा काढून तळहातावर ठेवत राहिली. मग म्हणाली, "तो तुमचा रिपोर्ट आला ना, छापील, सहीचा. तेव्हापासून ही माझ्याकडे उठताबसता म्हणते, आईला विचारू, आईला सगळं कळतं. मी आठ दिवस झोपले नव्हते नीट. मी काय, सुईदोरा." दोऱ्यांची गोळी करून तिने मुठीत धरली. "पण म्हणून मी असं केलं नसतं, ताई."

"नसतंच केलं," आई म्हणाली.

खडा मूत्रमार्गाच्या तोंडाशी येऊन अडकला होता. पोट उघडावं लागलं नाही. चिमट्याने निघाला. पाऊण तासाने डॉक्टरांनी तो एका काचेच्या बशीत आणून दाखवला. मोहरीपेक्षा मोठा, पांढरा, खरखरीत. "शनिवारपर्यंत वाट बघितली असती," डॉक्टर म्हणाले, आणि चिंगीकडे बघून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

बटाटा टॉवेलात जिभेचं टोक बाहेर काढून पडला होता. जिवंत होता.

"दहा दिवस दर दोन-तीन तासांनी बघायला लागेल, शू होतेय की नाही. दिवसभर घरात कोण असतं?"

आईने मनातल्या मनात मोजलं. दुपारची पाळी, सकाळची पाळी, चौसष्ट बाटल्या. तिने टोपली उचलली आणि पडदेवालीच्या हातात दिली.

"घरी राहू दे त्याला," ती म्हणाली. त्या घरासाठी तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा गेला, आणि जाताना घासून गेला.

मग तिने डॉक्टरांच्या टेबलावरून वही मागून घेतली. लॅबमध्ये चुकलेली नोंद खोडून दिसेनाशी करता येत नाही. पांढरी शाई चालत नाही, पान फाडणं चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी खरं काय ते. मग सही आणि तारीख. तिने मंगळवारच्या 'फिकट पिवळा'वर एक रेघ मारली, बुधवारच्यावर एक. बाजूला 'गुलाबी, रक्त ++' लिहिलं, दोन्हीकडे. सही केली. आवाजाच्या रकान्यातल्या दोन आडव्या रेघांवर पेन थांबलं. तिथे तिने लिहिलं: 'ऐकला नाही.'

चिंगी खांद्यावरून वाचत होती.

"तूपण जा," वही पडदेवालीच्या हातातल्या टोपलीत ठेवत आई तिला म्हणाली. "त्याच्याजवळ राहा."

"शनिवारपर्यंत तुझा आठवडा आहे," चिंगी म्हणाली. ते माफ केल्यासारखं नव्हतं. कागदावर ठरलेलं होतं म्हणून होतं. घरी जाताना रिक्षात ती कडेला चिकटून बसली आणि सीटवर मध्ये बटाट्याच्या टोपलीएवढी जागा रिकामी राहिली.

जेवताना तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "तू माऊवर जळतेस?"

आईने खोटं बोलायचा विचार केला. तो फार वेळ टिकला नाही. "हो."

"कशावरून?"

"शिवण सरळ येते तिची."

चिंगीने यावर गंभीरपणे विचार केला. "तुझा तुकडा फारच नागमोडी होता," ती म्हणाली. "मशीनवर शीक ना मग. ती शिकवेल."

"बघू."

"म्हणजे नाही."

"म्हणजे बघू."

शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला. पडदेवाली होती. आवाज कोरडा होता, पण फोन तिने स्वतः केला होता. "लिहून घेता?" ती म्हणाली, आणि रकाना रकाना वाचू लागली. वजन नऊशे पस्तीस. पाणी ऐंशी मिली. डाग सहा, त्यातले चार मोठे. रंग...

"साय काढलेल्या दुधासारखा?" आईने विचारलं.

"नाही. तुमचं काय ते, फिकट पिवळा, गढूळ एक अधिक."

"आणि आवाज?"

"थांबा. आत्ताच कोपऱ्यात गेलाय. ऐका."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग गवताची सळसळ. मागे शिवणयंत्र बंद होतं. आईने कानाला फोन दाबून धरला. चिंगीने दुसऱ्या बाजूने आपला कान लावला. त्या घराचा फ्रिज गुरगुरत होता, कुठेतरी घड्याळ होतं. नीटनेटकं असणार ते घर, पडदे सरळ पडलेले असणार. हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. आईने ते येऊ दिलं आणि ऐकत राहिली.

सळसळ थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. मग परत सळसळ, काड्या चावल्याचा कुरकुर आवाज.

"झाली," पडदेवाली म्हणाली. "मोठा डाग आहे."

फोनशेजारी लॅबचा एक कोरा कागद होता. त्यावर आईने वेळ टाकली, सहा वाजून चार मिनिटं. आवाज: नाही. आणि सवयीने खाली सही केली.